टायर नेमका कुठे घासतो हे दाखवून देणाऱ्या वस्तादांस

आदरणीय वस्ताद,
सादर नमस्कार.

गाडी घेऊन निघालो त्या संध्याकाळी आपण दुसऱ्या गाडीखाली शिरला होतात, त्यामुळे माझे आभार आपल्या बुटांनीच ऐकले. म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहीत आहे, कारण मोठे टायर घालून गाडी उंच करणाऱ्या अनेकांची माझ्यासारखीच फसगत होत असावी आणि आपण माझ्या गाडीवर जे केले ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

आपल्याकडे आलो तेव्हा माझा हिशेब ठरलेला होता : टायर घासतो, म्हणजे गाडी अजून उंच करायला हवी. मूळचे २४५/७५ आर १७ मापाचे टायर काढून मी २८५/७० आर १७ मापाचे घातले होते, त्यासाठी २ इंची लिफ्ट (गाडी उंच करणारा लांब स्प्रिंगांचा संच) बसवून घेतली होती, आणि तरीही स्टीअरिंग पूर्ण वळवले की खरखर आणि खड्ड्यात चाक दबले की धाडकन आवाज, हे चालूच होते. आधी जिथे काम करून घेतले तिथे आणखी १ इंच वाढवा, एवढाच सल्ला मिळाला. दरम्यान मी स्वतःच्या अकलेने चारही चाकांना ३० मिमी जाडीचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावले. त्याने एक आवाज बंद झाला म्हणून मी खूश होतो; बाकीची घासाघीस वाढली, ती मात्र मी लिफ्टच्या खात्यावर टाकली.

आपण सर्वांत आधी ते स्पेसर उतरवले. दुखणे झाकलेले असताना तपासणी करायची नाही, असे आपण म्हणालात आणि पान्याच्या जागी खडू हातात घेतलात. पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या-बाहेरच्या खांद्यांवर तो जाड फासून आपण मला मोकळ्या जागेत गाडी हळू चालवायला लावलीत : आधी डावीकडे पूर्ण वळवून, मग उजवीकडे, आणि शेवटी एक चाक उताराच्या फळीवर चढवून. मी खाली उतरलो तेव्हा आपण बॅटरी घेऊन मडगार्डच्या आत डोके घालून बसला होतात. खडू तीन ठिकाणी उमटला होता : खालच्या कंट्रोल आर्मच्या (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) कडेला, चाकामागच्या प्लास्टिकच्या लायनरवर पण फक्त डाव्या बाजूला, आणि मडगार्डच्या वरच्या आतल्या काठावर, जिथला रंग आधीच उडून पत्र्याची चकचकीत पट्टी दिसत होती. मी ज्याला एक तक्रार समजत होतो त्या तीन वेगळ्या तक्रारी होत्या, आणि त्यांची कारणेही तीन.

त्यानंतर आपण मांडलेला हिशेब मला आजही तोंडपाठ आहे. जुन्या टायरचा व्यास सुमारे ७९९ मिमी आणि नव्याचा ८३१ मिमी, म्हणजे चाकाच्या मध्यापासून टायर जेमतेम १६ मिमी उंच झाला. रुंदी मात्र ४० मिमी वाढली, आणि रिम तीच असल्यामुळे त्यातले २० मिमी आत गेले व २० मिमी बाहेर आले. मी उंचीची काळजी करत बसलो होतो आणि गाडी अडत होती रुंदीवर. स्पेसरमुळे टायर आर्मपासून लांब गेला खरा, पण बाहेरची कड मूळ जागेपेक्षा ५० मिमी बाहेर आली आणि वळताना चाक अधिक मोठे वर्तुळ कापू लागले; बंपरच्या टोकाला आणि मडगार्डच्या काठाला ते गाठणारच होते. टायरवर छापलेली रुंदी आणि रिमवर चढल्यावरची प्रत्यक्ष रुंदी यांत फरक पडू शकतो म्हणून आपण पट्टी लावून तीही मोजलीत, हे मुद्दाम नोंदवतो.

आर्मला घासण्याचा प्रश्न आपण अर्ध्या तासात मिटवलात. खालचा आर्म ॲक्सललाच, म्हणजे दोन्ही चाकांमधल्या आडव्या दांड्यालाच, जोडलेला असतो, त्यामुळे गाडी छपराएवढी उंच केली तरी टायर आणि आर्म यांच्यातले अंतर बदलत नाही. ते फक्त चाक किती वळते यावर ठरते. दोन्ही बाजूंच्या स्टीअरिंग स्टॉपच्या बोल्टखाली ४ मिमी जाडीचे वॉशर टाकून आपण चाकाचे शेवटचे वळण किंचित रोखलेत. गाडी वळायला आता थोडी जास्त जागा लागते. त्याची मला सवय झाली आहे.

फक्त डाव्या बाजूला घासण्याचे कारण मला कधीच सुचले नसते. आपण दोन्ही मडगार्डवरून ओळंबा सोडलात आणि डावा टायर उजव्यापेक्षा १६ मिमी जास्त बाहेर असल्याचे दाखवलेत. ट्रॅक बार म्हणजे ॲक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा; त्याचे एक टोक फ्रेमला (गाडीच्या सांगाड्याला) आणि दुसरे ॲक्सलला असते. गाडी उंच झाली की तो बार अधिक तिरपा होतो, त्याची आडवी पोहोच कमी होते आणि तो अख्ख्या ॲक्सलला फ्रेमकडच्या टोकाच्या बाजूला ओढून घेतो. माझ्या गाडीत ही ओढ ८ मिमी होती. खालचे कंट्रोल आर्मही त्याच रीतीने तिरपे होऊन ॲक्सल मागे सरकला होता, आणि म्हणून लायनर घासत होता. लांबी कमी-जास्त करता येणारा ट्रॅक बार आणि तसेच खालचे आर्म बसवल्यावर ॲक्सल मध्यभागी आला, पुढेही गेला, आणि बिघडलेला कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा कलही, जागेवर आला. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येईनासे झाले होते, त्याचा दोष मी इतके दिवस टायरच्या वजनाला देत होतो. ॲक्सल सरकवल्यावर स्टीअरिंग व्हील वाकडे दिसू लागेल हेही आपण आधीच सांगितलेत आणि ड्रॅग लिंक (स्टीअरिंगला चाकांशी जोडणारा दांडा) जुळवून, अलाइनमेंट तपासूनच गाडी सोडलीत. लायनरचा उरलेला फुगवटा गरम हवेने मऊ करून आत दाबण्याचे काम आपल्या हाताखालच्या मुलाने केले. त्याच्या हाताला फार चांगली सफाई आहे, हे त्याला अवश्य सांगावे.

माझा खरा गैरसमज दूर झाला तो तिसऱ्या जागेपाशी. “लिफ्टने गाडीचे पोट उंच होते, चाकाची वर जाण्याची हद्द तीच राहते,” हे आपले वाक्य ऐकून मी मान डोलावली, पण समजले काहीच नव्हते. मग आपण पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढून ठेवल्यात, फ्रेम स्टँडवर टेकवलीत आणि जॅकने ॲक्सल बोटबोट वर घेऊ लागलात. टायर आणि मडगार्डचा काठ यांच्यामध्ये आपण मऊ मातीचा गोळा चिकटवला होता. ॲक्सल बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाला वरच्या हद्दीवर थांबवणाऱ्या अडसरापर्यंत, पोहोचायच्या कितीतरी आधी तो गोळा चपटा होऊन दोन्हीकडून बाहेर आला. स्प्रिंग २ इंच लांब असो की ३ इंच, चाक पूर्ण दबते तेव्हा ते बंप स्टॉपपाशीच थांबते, आणि बंप स्टॉप मूळ उंचीचाच असेल तर मोठा टायर त्याआधी पत्र्याला भिडणार. आणखी १ इंच वाढवून मला फक्त तो धक्का थोडा उशिरा बसला असता.

आपण तिथेच थांबला नाहीत. दोन्ही चाके सारखी उचलून झाल्यावर एकच बाजू उचललीत, कारण तसे केल्यावर ॲक्सल तिरपा होऊन त्या चाकाचा माथा आत झुकतो आणि टायर भलत्याच जागी लागतो. मग तेच सगळे चाक वळवून पुन्हा पाहिलेत. या सर्व स्थितींत मातीचा निदान बोटभर थर शिल्लक राहील अशा बेताने बंप स्टॉपखाली ३८ मिमीचा ठोकळा बसला, आणि त्या उंचीला शॉक ॲब्झॉर्बर पूर्ण दबत नाही ना, हेही आपण पाहिलेत. लिफ्टमुळे चाकाला वर जायला जी ५० मिमी जास्तीची चाल मिळाली होती तिच्यातली ३८ अशी खर्ची पडली, १२ उरली. लिफ्ट कशासाठी असते हे मला तेव्हा उमगले. बंप स्टॉप उंच करूनही चाकाची मूळची चाल कमी होऊ नये, यासाठी ती उपयोगी पडते. हा ठोकळा लिफ्टबरोबरच बसवायला हवा होता. आधीच्या ठिकाणी तो कोणी सुचवलाही नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र आभार मानायला शब्द अपुरे आहेत. स्प्रिंगा काढलेल्याच आहेत तर खालची हद्दही पाहून घेऊ, असे म्हणत आपण ॲक्सल पूर्ण खाली सोडलात आणि उजवीकडचा ब्रेकचा होज तारेसारखा ताणलेला दिसला. तो घासत नव्हता, आवाज करत नव्हता, आणि मी त्याबद्दल तक्रारही केली नव्हती. आपण काही न बोलता माझे बोट धरून त्या ताणलेल्या रबरावर ठेवलेत. लांब होज बसेपर्यंत गाडी मिळणार नाही, या आपल्या हट्टापायी माझे दोन दिवस गेले आणि त्या वेळी मी थोडा कुरकुरलोही. त्याबद्दल क्षमा असावी.

गाडी सुमारे महिनाभर चालवून, चिखलाच्या आणि दगडांच्या वाटांवरून नेऊन, मी परवा पुन्हा टायरांवर खडू फासला. आर्म कोरा राहिला, लायनर कोरा राहिला. मडगार्डच्या काठावर आपण प्रायमर मारलेली पट्टी जशीच्या तशी आहे. चाकांचे नट आपण सांगितल्याप्रमाणे पहिल्या १०० किलोमीटरनंतर टॉर्कच्या पान्याने तपासले. वेगमापक सुमारे ४ टक्के कमी दाखवतो, म्हणजे काटा ८० वर असताना गाडी ८३ ने धावत असते, हेही लक्षात ठेवले आहे. त्याची दुरुस्ती पुढच्या खेपेला करून घेईन.

ते चार स्पेसर आपल्या कामाच्या बाकाखाली राहिले आहेत. ते मला परत नकोत.

कळावे, लोभ असावा.

आपला ऋणी,
लाल मडगार्डच्या गाडीवाला