तारांकित तक्त्याने दम वाढत नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काल आपल्या क्रीडा पानावर व्यायामपद्धतींची तुलना करणारा लेख प्रसिद्ध झाला. लेखकाचे वाचन दांडगे आहे, यात शंका नाही. मात्र हॉटेलांना द्यावेत तसे तारे देत इंटरव्हल ट्रेनिंगला (जोराचा व्यायाम आणि विश्रांती आलटून-पालटून) पाच, सर्किट ट्रेनिंगला (निरनिराळे व्यायाम ओळीने) चार आणि तालमीतील जोर-बैठकांना दीड तारा बहाल करताना हे तारे नेमक्या कोणत्या खेळासाठी आहेत, हे सांगायला त्यांना जागा पुरली नसावी. कबड्डीतील चढाई 30 सेकंदांची असते, मॅटवरील कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, आणि सैन्यभरतीच्या धावपट्टीवर 1600 मीटरसाठी साडेपाच मिनिटे छाती फुटेस्तोवर पळावे लागते. या सर्वांना एकच औषध लागू पडते असे मानणारा वैद्य आम्ही येळ्ळूरकर तरी दारात उभा करणार नाही.

लेखात जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या 1996 मधील प्रयोगाचा मोठा आधार घेतला आहे. 20 सेकंद जीव तोडून व्यायाम, 10 सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या केल्या की चार मिनिटांत सारे साधते, असा त्याचा अर्थ लेखकांनी लावला. तो प्रयोग जागेवरच्या सायकलवर झाला होता, त्यातील तरुण आधीपासूनच व्यायाम करणारे होते, आणि चार मिनिटांच्या गटालाही आठवड्यातून एक दिवस अर्धा तास मध्यम गतीने सायकल चालवावी लागत असे. एक तास मध्यम गतीने सायकल चालवणाऱ्या दुसऱ्या गटाचीही प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढलीच होती; वाढली नाही ती अल्पकाळ पूर्ण जोर लावण्याची ताकद. म्हणजे दोन पद्धतींची कामे वेगळी आहेत, एवढेच त्या प्रयोगातून दिसते. आपल्या तक्त्यात मात्र एकीला पाच तारे आणि दुसरीला दोन.

हे सारे मी दुर्लक्षून सोडून दिले असते. परंतु त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात एका भरती अकादमीची जाहिरात होती, आणि तिथल्यासारख्याच ‘शास्त्रीय’ प्रशिक्षणाचा अनुभव माझ्या घराने घेतला आहे. माझा पुतण्या शहरालगतच्या अशाच एका अकादमीत जात होता. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे तिथल्या मुलांना फौजेचे वेड असणारच. 1600 मीटर 5 मिनिटे 30 सेकंदांच्या आत पूर्ण केल्यास धावण्याचे 60 गुण मिळतात, हे येथील शाळकरी पोरालाही पाठ असते. त्या अकादमीतील प्रशिक्षक घड्याळ हातात धरून सगळ्या मुलांना रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पूर्ण 1600 मीटर पूर्ण वेगाने पळवीत. नवखा असो की तयारीचा, सर्वांना तेच. मुलाची नडगी दुखू लागली तेव्हा दुखणे अंगावर काढल्याखेरीज फौजी होता येत नाही, असे उत्तर मिळाले. पुढे डॉक्टरांनी हाडाला बारीक भेग असल्याचे सांगून धावणे बंद करायला लावले आणि त्या वर्षीची भरती गेली. भरती गेली तरी फी मात्र परत आली नाही.

हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, हाडांना व स्नायुबंधांना त्याहून अधिक काळ लागतो, ही व्यायामशास्त्रातील प्राथमिक गोष्ट आहे. साडेपाच मिनिटांच्या धावेतील बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्यानेच मिळते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस मध्ये सावकाश पळत 400 मीटरच्या वेगवान फेऱ्या, एखादा दिवस राजहंसगडाचा चढ, इतर दिवशी शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाची लांब धाव आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, अशी मांडणी लागते. रोज परीक्षाच घेत राहणे याला मी तरी प्रशिक्षण म्हणत नाही.

राहिला जोर-बैठकांचा दीड तारा. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावपटू एमिल झाटोपेक यांनी 5000 मीटर, 10000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. 400 मीटरच्या अगणित फेऱ्या, म्हणजे इंटरव्हल ट्रेनिंगच, हा त्यांच्या सरावाचा कणा होता. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरच्या तालमींत घडलेल्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले (तेव्हा आपले बेळगावही मुंबई राज्यातच होते, हे जाता जाता). शिवाय ज्या सर्किट ट्रेनिंगला चार तारे आहेत, ते 1953 च्या सुमारास लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी मांडले. त्यात एकामागून एक व्यायाम करायचे असतात. जोर, बैठका, दोरी चढणे आणि फावड्याने हौदा (आखाड्यातील मातीचा खड्डा) उकरणे हे ओळीने करणारा पोरगा याहून वेगळे काय करतो? तालमीची उणीव आहे ती मोजमापाची. बैठकांची संख्या नुसती वाढवत नेल्याने चिवटपणा वाढतो, निव्वळ ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. तिच्यासाठी वजन वाढवावे लागते, आणि ते वस्ताद जोडीदाराला पाठीवर घ्यायला लावून करून घेतातच. लेखकांनी एखाद्या आखाड्यात डोकावले असते तर हे दिसले असते.

आणखी एक. ही मुले डांबरावर पळतात ती हौसेने नव्हे. शहरातील मैदानांवर प्रदर्शने आणि सभा होतात, मंडप निघतात, पण खांबांचे खड्डे व खिळे तसेच राहतात. त्याविषयीचे माझे यापूर्वीचे पत्र आपण जागेअभावी छापले नव्हते. कालच्या तक्त्याने अर्धे पान व्यापले होते, त्यामुळे यावेळी जागेची अडचण येणार नाही, अशी आशा आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, येळ्ळूर (ता. बेळगाव)