आधी फलक खाली करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या नेत्यावर हल्ला झाला की तासाभरात दोन वाक्ये कानावर येतात. 'लोकशाहीत हिंसेला थारा नाही' हे पहिले आणि 'याला विरोधकच जबाबदार' हे दुसरे. पहिले हवेत विरून जाते, कार्यकर्ते दुसरे घेऊन रस्त्यावर उतरतात. अशा वेळी नेत्याने सर्वांत आधी आपल्याच माणसांना आवरावे, एवढ्यासाठी हे पत्र.

४ एप्रिल १९६८ रोजी अमेरिकेत मेम्फिसमध्ये कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची गोळी घालून हत्या झाली. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करणारे रॉबर्ट केनेडी त्या संध्याकाळी इंडियानापोलिसला उतरले. सभा कृष्णवर्णीयांच्या वस्तीत होती. जाऊ नका, असे पोलिसांचे म्हणणे पडले. ते गेले. जमलेल्यांपैकी पुष्कळांना काहीच माहीत नव्हते, प्रचारसभेचा उत्साह होता. ट्रकवर उभे राहून केनेडींनी आधी लोकांना हातातले फलक खाली करायला सांगितले आणि मग बातमी सांगितली. ध्वनिमुद्रणात त्या क्षणी गर्दीतून उठलेला आक्रोश ऐकताना आजही अंगावर काटा येतो. तुमच्या मनात गोऱ्यांविषयी द्वेष दाटून येत असेल, तर माझ्याही घरातला माणूस (भाऊ जॉन केनेडी) मारला गेला आहे आणि त्यालाही एका गोऱ्यानेच मारले, असे ते म्हणाले. घरी जा, प्रार्थना करा, असे सांगून पाचेक मिनिटांत ते थांबले. त्यानंतर अमेरिकेतली शंभरावर शहरे पेटली, इंडियानापोलिस शांत राहिले. श्रेय एकट्या भाषणाचे नाही, स्थानिक कार्यकर्त्यांचाही त्यात वाटा होता. पण सुरुवात त्या पाच मिनिटांनी झाली. दोन महिन्यांनी केनेडी स्वतः गोळीला बळी पडले.

फलक खाली करा, ही तशी साधी विनंती. ती न केल्याने काय होते, हे जेरुसलेमने पाहिले. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या मोर्चात इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांना नाझी गणवेशात दाखवणारी चित्रे नाचवली गेली, 'गद्दार' अशा घोषणा झाल्या. विरोधी पक्षाचे बडे नेते वरच्या सज्जात होते. महिनाभरात, ४ नोव्हेंबरला, तेल अवीवच्या शांतता सभेतून निघताना राबिन यांची हत्या झाली. गोळी एका माथेफिरूने झाडली, हे खरेच. पण 'गद्दार' हा शब्द त्याने एकट्याने शोधला नव्हता.

आपल्याकडची दोन भाषणेही आठवतात. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री, गांधीजींच्या हत्येनंतर, नेहरू रेडिओवर बोलले. आवाज दाटलेला होता, तरी राग आला म्हणून आपल्यापैकी कोणीही वावगे वागता कामा नये, हे त्यांनी बजावले. तरीही महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. म्हणजे शब्दांनी सगळे थांबतेच असे नाही. पण आग लावणाऱ्याला त्या भाषणात कुठेही आधार सापडत नाही. याउलट १९ नोव्हेंबर १९८४ रोजी, दिल्लीतील शीख हत्याकांडानंतर, राजीव गांधी म्हणाले की मोठा वृक्ष कोसळतो तेव्हा जमीन थोडी हादरतेच. सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली होती. आईच्या हत्येचे त्यांचे दुःख खरे होते, पण त्या वाक्यात या माणसांना जागाच नव्हती.

'ठेचून काढू', 'गाडून टाकू' ही भाषा प्रचारात इतकी रुळली आहे की आता ती खटकतही नाही. ती बोलणारेच उद्या काळी फीत लावून श्रद्धांजलीला उभे राहतात.

म्हणून आपल्याला एक विनंती. यापुढे अशा घटनेनंतर नेत्यांचे शोकसंदेश छापाल, तेव्हा त्याच नेत्याने गेल्या प्रचारात त्या मृत व्यक्तीविषयी काय म्हटले होते, तेही तारखेसह शेजारच्या स्तंभात छापावे. पक्ष कोणताही असो.

आपला,
एक नियमित वाचक