तुमच्या दोघांत अबोला नको

भावा,

तू आपल्या तिसऱ्या दोस्ताशी बोलणं टाकलंयस, त्याबद्दल फोनवरच बोलणार होतो, पण विषय निघाला की तू "आधी बरा हो, मग बघू" म्हणून तोडतोस आणि राहून जातं. म्हणून टाईप करतोय. लांबलचक होईल, पोरं झोपली की निवांत वाच.

आधी चांगली बातमी. बोन मॅरोचा रिपोर्ट आला, रेमिशन आहे, म्हणजे माझ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वाढलेल्या कच्च्या पेशी, ब्लास्ट, पाच टक्क्यांच्या खाली आल्यात. आई रडली, मी पण रडलो. डॉक्टरांनी मात्र लगेच समजावलं की रेमिशन म्हणजे संपलं असं नाही, रिपोर्टमध्ये न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात, त्यांच्यासाठी केमोच्या पुढच्या सायकल्स घ्याव्या लागणार. मॅरो ट्रान्सप्लांटची वेळ आली तर म्हणून ताईचं सॅम्पल पण मॅचिंगला गेलंय. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायचा चान्स चारात एक असतो म्हणे, बघू.

तू विचारलं होतंस ना, ताई एवढी जवळ असून तिच्या प्लेटलेट का घेत नाहीत? तर उद्या ट्रान्सप्लांट करायची वेळ आली आणि तिचीच मॅरो घ्यायची ठरली, तर आधी तिचं रक्त घेतलेलं असल्यामुळे माझं शरीर ती नाकारू शकतं, म्हणून रक्ताच्या नात्यातल्यांना आधीच बाजूला ठेवतात. म्हणजे माझ्या आजारात रक्त द्यायला रक्ताचं नातं नसलेलीच माणसं लागतात. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

पहिल्या केमोला इथं सगळे "सेव्हन प्लस थ्री" म्हणतात. सात दिवस एक औषध रात्रंदिवस सलाईनमधून चालू, त्यातले तीन दिवस ते दुसरं लाल औषध. खरा त्रास त्यानंतर, मॅरो रिकामी होते आणि रक्तपेशींचे काउंट पडतात. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट आपल्याला दीड लाखाच्या वर लागतात, माझ्या दहा हजाराच्या खाली गेल्या होत्या. ब्रश करायला बंदी, नुसती चूळ भरायची. एका रात्री नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेचना, सिस्टर नाक दाबून बसलेली आणि मी घड्याळ बघत होतो. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, भरून ठेवता येत नाहीत, सारखा नवा डोनर लागतो. आणि देणारा तास-दीड तास मशीनला हात देऊन बसतो, त्याचं रक्त बाहेर येतं, प्लेटलेट काढून घेतात आणि बाकीचं त्याला परत जातं.

डोनर गोळा करायचा तो ग्रुप तू केलास. ठाण्याची, डोंबिवलीची, कुठली कुठली पोरं आली, मी त्यातल्या निम्म्यांचे चेहरेही बघितलेले नाहीत. तुझ्या ऑफिसचा एक जण नाईट शिफ्ट संपवून थेट परळला आला, पण डोकं दुखतंय म्हणून त्यानं आदल्या दिवशी अ‍ॅस्पिरिन घेतलेली, तिनं प्लेटलेट नीट काम करत नाहीत म्हणून परत पाठवला, तर तो खाली थांबून राहिला आणि भावाला बोलावून घेतलं. आईनं त्या दोघांना चहा पाजला आणि अजून त्यांची आठवण काढते. तिची दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत सोय झाली, तिथं तिला जालन्याच्या एक काकू भेटल्या, त्यांचा मुलगा पण टाटालाच. दोघी बरोबर यायच्या, बरोबर जायच्या, एकीच्या पेशंटचे काउंट वाढले की दुसरी नारळ फोडायची. असं नातं जमायला आपल्या गल्लीत वीस वर्षं लागतात.

इथल्याच कुणीतरी मला सांगितलं की दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कॅन्सरनंच गेल्या, तेव्हा या आजारावर औषधच नव्हतं, आणि पुढं १९४१ साली हे हॉस्पिटल उभं राहिलं. ज्या माणसावर जीव होता ते गेलं, आणि मागं राहिलेल्यांनी अनोळखी लोकांसाठी हे केलं. कॉरिडॉरमध्ये आसामपासून बिहारपर्यंतची माणसं चटया टाकून बसलेली दिसली की मला ते आठवतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आपल्या तिघांतला तिसरा. तो एकदाही आला नाही, फोन नाही, ग्रुपवर एक अक्षर नाही, आणि तू त्याच्याशी बोलणं टाकलंयस हे मला वहिनींकडून कळलं. तुझा राग माझ्यावरच्या जीवापोटी आहे, मला कळतं रे. पण तो काढून टाक.

त्याचे वडील आठवतात? तंबाखूनं घशाला झालं होतं. आपण सेकंड इयरला होतो, हा एकटा त्यांना घेऊन परळला आला होता. रात्री फूटपाथवर झोपायचा, सकाळी लाईनला, दिवसभर नाकातल्या नळीतून त्यांना भरवायचं. सगळं संपवून सांगलीला आला, त्यानंतर कितीतरी दिवसांनी आयर्विन पुलावर उभं असताना मला एवढंच म्हणाला, की त्या बिल्डिंगचा वास नाकातून जात नाही. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तू तेव्हा पुण्यात होतास, तुला हे माहीत नसणार. त्याला त्याच गेटातून पुन्हा आत ये असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? मी नाही म्हणणार.

आणि दुसरं, हे मला परवा कळलं. बाबा गावाकडं एकटे आहेत, त्यांना गुडघ्यामुळं इथं आणता येत नाही. मी रोज फोनवर विचारायचो, गोळ्या घेतल्या का, जेवलात का, ते म्हणायचे सगळं वेळेवर आहे, मला वाटायचं शेजारचे बघत असतील. परवा बोलता बोलता सुटलं त्यांच्या तोंडून. हा पठ्ठ्या पहिल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी घरी जातो, बीपीच्या गोळ्या डब्यात भरून ठेवतो, त्यांच्याबरोबर बातम्या बघतो, जेवण झालं की भांडी घासून घरी जातो. लाईटबिल त्यानंच भरलंय. मला सांगायचं नाही असं बाबांकडून वचन घेतलेलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बायकोशी पण काही बोललो नाही.

तू मला इथं प्लेटलेट पोचवत होतास आणि तो तिथं माझ्या बापाला सांभाळत होता, मग त्यातलं मोठं कुणाचं हे मी कसं ठरवू, आणि का ठरवू? मला दोघं पाहिजेत. पुढं कसं जाईल ते डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत, ट्रान्सप्लांट झालं तर महिनोन् महिने लोकांपासून लांब राहावं लागेल, आणि त्या काळात माझ्यामुळे तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाही हे डोक्यात घेऊन मला झोपायचं नाही.

दोन सायकलच्या मधे काउंट चांगले असले तर चार दिवस सांगलीला सोडतील. तेव्हा दोघं घरी या. सर्दी-खोकला असेल तर नको, मास्क लावा, बाहेरची भेळ मला चालत नाही, आई गरम पिठलं-भात करेल. आजाराचं फार विचारू नका, फायटर वगैरे म्हणू नका, ते मी दिवसभर ऐकतो. तुझ्या पोराच्या शाळेचं काय झालं, त्याची द्राक्षं यंदा किती गेली, ते सांगा.

फोन तू कर त्याला. तो आपणहून करणार नाही. बाबांचं मला कळलंय हे सांगितलंस तरी चालेल, मी बाबांशी बघून घेतो. उद्या रविवार आहे, तो सकाळी मळ्यात असतो, दहानंतर लाव.

तुझाच