दुसरी कॉपी कुठे आहे, हे सभासदांनी विचारायला हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वर्षभर आपल्या पेपरात डेटा सेंटरच्या, म्हणजे हजारो सर्व्हर ठेवायच्या इमारतींच्या, बातम्या सारख्या येतायत. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला अ‍ॅमेझॉनने महाराष्ट्रासाठी ८.३ अब्ज डॉलर जाहीर केले, ऑक्टोबरमध्ये गूगलने विशाखापट्टणमसाठी १५ अब्ज डॉलरची घोषणा केली, आणि ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल इथे तर एकामागून एक इमारती उभ्या राहतायत. चांगलंच आहे, वाईट काही नाही. पण ज्यांचा डेटा तिकडे जाऊन बसणार, म्हणजे आपल्या तालुक्यातली नागरी बँक, पतसंस्था, साखर कारखाना, दूध संघ, एमआयडीसीतला फाउंड्रीवाला, त्यांनी या सगळ्यात काय सांभाळायचं यावर कोणी फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी मिरजेत असतो आणि अशाच संस्थांच्या सर्व्हरची, नेटवर्कची, बॅकअपची कामं करतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या जेवणाखाण्याइतका ओळखीचा आहे.

आधी एक सांगतो, मी क्लाउडच्या, म्हणजे आपला डेटा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने ठेवण्याच्या, विरोधात अजिबात नाही. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन (डेटा सेंटरचा समूह) २०१६ ला सुरू झालं, त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई, चेन्नईत सुरुवात केली होती, गूगल २०१७ ला मुंबईत आलं. त्याआधी आपल्याकडच्या संस्थांची अवस्था काय होती तर जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर, वर बंद पडलेला एसी, बाजूला जुन्या फायलींचे गठ्ठे आणि यूपीएसची बॅटरी कधी बदलली ते कुणालाच आठवत नाही. त्यापेक्षा नवी मुंबईत दोन-दोन वीजजोडण्या आणि जनरेटर असलेल्या इमारतीत डेटा असणं कधीही बरं. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईत उतरतात, बँका आणि शेअर बाजार तिथे आहेत, वीज भरवशाची आहे, म्हणून देशातली डेटा सेंटरची साधारण निम्मी क्षमता एकट्या मुंबई पट्ट्यात जमा झालीय.

अडचण वेगळीच आहे. संचालक मंडळाला विचारा की डेटा सुरक्षित आहे का, उत्तर येतं "क्लाउडवर आहे". बस्स, विषय संपला. कुणाच्या क्लाउडवर, कुठल्या शहरात, दुसरी कॉपी कुठे, आणि ती कॉपी परत उभी करून बघितली होती का, हे कोणी विचारतच नाही.

३१ जुलै २०२४ आठवा. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना बँकिंगची सिस्टीम पुरवते, तिच्यावर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बाकीच्या पेमेंट व्यवस्थेला लागण होऊ नये म्हणून तिला तात्पुरतं तोडून टाकलं. ते त्या वेळी बरोबरच होतं. पण एका फटक्यात देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांच्या खातेदारांचं यूपीआय, एटीएम बंद पडलं. देशाच्या एकूण व्यवहारात हा वाटा अगदी किरकोळ होता म्हणून मोठ्या शहरात कुणाला पत्ता पण लागला नाही, पण ज्याचं एकुलतं एक खातं अशा बँकेत आहे त्याच्यासाठी तोच शंभर टक्के. एका बँकेची एक चूक नव्हती ही, ३०० जणांनी एकाच ठिकाणी वजन टाकलेलं होतं. खर्च परवडत नाही म्हणून छोट्या संस्था एकत्र येऊन एक सिस्टीम घेतात, ते योग्यच आहे, पण मग ती एक जागा पडली तर दुसरं काय याचं उत्तर करारातच लिहिलेलं पाहिजे.

आता कोरियाचं बघा. दक्षिण कोरिया म्हणजे इंटरनेटच्या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी पुढे. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटरीला आग लागली आणि सहाशेहून जास्त सरकारी सिस्टीम बंद पडल्या. बऱ्याच हळूहळू परत आल्या. पण सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायचा जी-ड्राइव्ह नावाचा जो सरकारी क्लाउड होता तो पूर्ण जळाला, सुमारे ८५८ टेराबाइट डेटा, आणि त्याची बाहेर कुठेच कॉपी नव्हती. कारण काय दिलं तर आकारच एवढा मोठा की बाहेर बॅकअप घेणं जमलं नाही. म्हणजे क्लाउड होता, सरकारी होता, स्वतःच्या देशात होता, तरी गेला.

याच्या उलट ऑस्ट्रेलियाचं युनिसुपर. सहा लाखांवर सभासद असलेला पेन्शन फंड. मे २०२४ मध्ये त्यांचा गूगल क्लाउडवरचा प्रायव्हेट क्लाउड (फक्त त्यांच्यासाठीचा सेटअप) डिलीट झाला, कारण काय तर सेटअप करताना गूगलच्याच आतल्या एका टूलमध्ये एक रकाना कोरा राहिला होता, त्यामुळे सिस्टीमने आपोआप एक वर्षाची मुदत धरली आणि मुदत संपल्यावर पुसून टाकलं. हल्ला नाही, आग नाही, एक कोरा रकाना. सभासदांना आठवडाभर खातं बघता येत नव्हतं, पण पैसे आणि नोंदी वाचल्या, आणि त्यात मोठा वाटा होता युनिसुपरने वेगळ्या प्रोव्हायडरकडे ठेवलेल्या बॅकअपचा. मी ज्या ज्या संस्थेत जातो तिथे हे उदाहरण सांगतो, कारण यातून एवढंच दिसतं की प्रोव्हायडर कितीही मोठा असला तरी दुसरी कॉपी दुसऱ्याकडे पाहिजे.

आणि कॉपी आहे म्हणजे काम झालं असंही नाही. आमच्याच भागातल्या एका पतसंस्थेत बॅकअपचं सॉफ्टवेअर रोज रात्री चालायचं आणि सकाळी स्क्रीनवर हिरवी टिक यायची, सगळे खूश. आम्ही एका रविवारी शाखा बंद असताना कोऱ्या मशीनवर तो बॅकअप उभा करायला घेतला. फाइल उघडायला पासवर्ड लागत होता, आणि तो पासवर्ड कुठे तर त्याच सर्व्हरच्या डेस्कटॉपवर एका टेक्स्ट फाइलमध्ये. म्हणजे सर्व्हर गेला असता तर बॅकअप हातात असून उघडता आला नसता, घराची दुसरी किल्ली घरातच कुलूपबंद ठेवावी तसं. पासवर्ड घेऊन पुढे गेलो तर ठेवींची आणि कर्जाची नोंद आली पण स्कॅन केलेली कर्जाची कागदपत्रं आलीच नाहीत, कारण ती नंतर घेतलेल्या वेगळ्या डिस्कवर जात होती आणि ती डिस्क बॅकअपच्या यादीत कुणी घातलीच नव्हती. त्या हिरव्या टिकेचा अर्थ एवढाच होता की जे सांगितलं ते कॉपी झालं. हे फक्त रिस्टोअर करून, म्हणजे कॉपीवरून डेटा परत उभा करून, बघितल्यावरच कळतं, दुसरा मार्ग नाही. आता तिथे पासवर्ड लिफाफ्यात सीलबंद करून दोन वेगळ्या लॉकरमध्ये असतो आणि दर तिमाहीला रिस्टोअर करून बघतात, त्यावर चेअरमनची सही असते.

रिझर्व्ह बँकेला हे कळत नाही असं नाही, कळतं. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी आयटी आउटसोर्सिंगचे (संगणकाची कामं बाहेरच्या कंपनीला देण्याचे) निर्देश काढले, त्यात बाहेर पडायचं कसं त्याची योजना आधीच तयार ठेवा, पर्याय ठेवा, हे सगळं आहे. पण ते निर्देश टियर १ आणि टियर २ च्या (ठेवींच्या आकारावरून केलेल्या खालच्या दोन वर्गांतल्या) नागरी बँकांना लागू नाहीत, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या नागरी बँका त्यातच येतात. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेखाली येतच नाहीत, त्या सहकार खात्याकडे. छोट्यांवर नियमांचा बोजा नको हा विचार मी समजू शकतो, पण सी-एजच्या वेळी फटका नेमका छोट्यांनाच बसला ना. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय क्षेत्रासाठी स्वतःच्या क्लाउडची घोषणा केली होती, तो छोट्या बँकांना परवडेल अशा दरात मिळाला तर फार मोठं काम होईल.

बाहेर पडायचा विषय निघालाच आहे तर अजून एक. क्लाउडवर डेटा चढवायला सहसा पैसे लागत नाहीत, उतरवायला सहसा जीबीमागे लागतात, आणि हे बऱ्याच लोकांना पहिलं मोठं बिल आल्यावरच कळतं. युरोपने त्यासाठी कायदा केला, तो १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि जानेवारी २०२७ पासून प्रोव्हायडर बदलण्याचे वेगळे पैसे घेताच येणार नाहीत. आपल्याकडेही अशी तरतूद हवी. पैसे सोडा, सेवाच बंद झाली तर काय? जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीची ईमेल आणि टीम्स (मीटिंग-चॅटचं सॉफ्टवेअर) मायक्रोसॉफ्टने बंद केली, युरोपियन युनियनच्या निर्बंधांमुळे. कंपनी भारतातली, रिफायनरी गुजरातमध्ये, लायसन्सचे पैसे भरलेले, आणि निर्णय ब्रुसेल्सच्या यादीवरून झाला. दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर काही दिवसांत सेवा परत सुरू झाली, पण नायरा कोर्टात जाऊ शकते, तालुक्यातला दूध संघ कुठे जाणार?

आता एजबद्दल, म्हणजे दूरच्या सर्व्हरऐवजी कामाच्या जागीच ठेवलेल्या संगणकाबद्दल, कारण तो शब्द हल्ली प्रत्येक सेल्समनच्या तोंडात असतो आणि लोक घाबरतात की हे काहीतरी नवीन महागडं आलं. आपल्या साखर कारखान्याचा वजनकाटा म्हणजे एजच की. हंगामात रात्री दोन वाजताही उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लाइन असते, भरलेलं वजन होतं, गव्हाणीत ऊस रिकामा करून गाडी परत येते, मोकळं वजन होतं, मग पावती निघते. आता हे सॉफ्टवेअर जर प्रत्येक वजनाला मुंबईच्या सर्व्हरला विचारून पुढे जाणारं असेल आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तर पूर्ण लाइन थांबते, ड्रायव्हर खोळंबतात, आणि तोडलेला ऊस उभ्या उभ्या वाळून वजन घटतं ते शेतकऱ्याच्याच खिशातून जातं. म्हणून काट्यावर एक साधा मजबूत पीसी, त्यातच डेटाबेस, वजन तिथेच पक्कं, पावती तिथेच, आणि नेट आलं की क्लाउडवर आपोआप जाऊन बसणार, असं पाहिजे. दूध संकलनावर फॅट-एसएनएफचंही तेच, सकाळी सहाला रांग लागते आणि तेव्हा नेटची वाट बघत बसता येत नाही. टेंडर काढताना एकच ओळ घाला, नेट नसताना चोवीस तास काम चालू राहिलं पाहिजे, निम्मे चुकीचे प्रॉडक्ट तिथेच गळतील.

एआयचंही गणित साधारण असंच आहे. मोठी मॉडेलं शिकवायला जी यंत्रं लागतात ती आपल्या आवाक्यातली नाहीत आणि आपल्याला लागतही नाहीत. सर्व्हरची साधी रॅक (कपाट) ५ ते १० किलोवॉट घेते, एनव्हिडियाची ७२ जीपीयूची (एआयला लागणाऱ्या चिपची) रॅक १२० किलोवॉटच्या आसपास, तिला हवेने थंड करता येत नाही, पाणी किंवा द्रव फिरवावा लागतो. ते काम नवी मुंबईवाल्यांनी करावं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटींचं इंडिया एआय मिशन मंजूर केलं, त्यात जीपीयू सवलतीत भाड्याने मिळतात, कॉलेजांनी आणि स्टार्टअपनी त्याचा फायदा घ्यावा. पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कास्टिंगवरची चीर कॅमेऱ्याने ओळखायची असेल तर ते सगळं व्हिडिओ मुंबईला पाठवायची काय गरज? मशीनशेजारी एक छोटा जीपीयूवाला बॉक्स ठेवा, निर्णय तिथेच होतो, नमुन्याचे फोटो तेवढे वर पाठवा. उलट मोठ्या एआयची झळ आपल्याला भलत्याच बाजूने बसतेय, सगळ्या चिप कंपन्या एआयच्या मेमरीकडे वळल्यामुळे २०२५ च्या शेवटापासून साध्या सर्व्हरची मेमरी कडाडलीय, पतसंस्थेने साधं मशीन वाढवायचं म्हटलं तरी कोटेशन बघून मॅनेजर गप्प बसतात. त्यामुळे ज्याला जे लागतं तेवढंच घ्यावं, आणि एआयवर खर्च करायच्या आधी दुसरी कॉपी आणि रिस्टोअर यावर करावा. आधी डेटा शाबूत पाहिजे, मग त्यावर एआय चालणार ना.

संपादक साहेब, आता मागणी. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात, नोटिसा आपल्याच पेपरात छापून येतात. सभेत लाभांश किती आणि भेटवस्तू काय यावर तास तास चर्चा होते. सभासदांनी उभं राहून विचारावं की आपल्या डेटाची दुसरी कॉपी कुठल्या शहरात आणि कुणाकडे आहे, शेवटचा रिस्टोअर कुठल्या तारखेला करून बघितला, आणि उद्या प्रोव्हायडर सोडायचा झाला तर डेटा किती दिवसांत, कुठल्या फॉरमॅटमध्ये आणि किती पैशांत परत मिळेल. अहवालात याचं उत्तर छापायला लावावं. आणि पुण्याच्या सहकार आयुक्तालयाला विनंती आहे की लेखापरीक्षक संस्थेला अ, ब वर्ग देतात तेव्हा रिस्टोअर केल्याची तारीख आणि सही त्यांनी बघावी, नसेल तर तसा शेरा मारावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, एका परिपत्रकात होणारं काम आहे. पत्र लांबलंय, जागेअभावी कापावं लागलं तर बाकीचं कापा पण सभासदांनी विचारायचे प्रश्न तेवढे राहू द्या ही विनंती.

आपला,
एक वाचक, मिरज