फेब्रुवारीत बर्फात कुठे जायचं

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, काल फोनवर तू म्हणालीस ना, "आम्हाला कुठं स्कीइंग येतंय, आम्ही काय करणार येऊन", ते मनातून जाईना म्हणून लिहितेय. फेब्रुवारीत इथं स्वित्झर्लंडमध्ये छकुलीला शाळेची स्कीची सुट्टी आहे आणि तिला घसरताना तुम्ही डोळ्यांनी बघावं एवढीच माझी इच्छा आहे, त्यामुळे यावेळी मी सगळी ठिकाणं तुमच्या गुडघ्यांच्या आणि बाबांच्या हार्टच्या हिशोबानेच बघतेय.

झरमॅट सगळ्यात भारी, उंचावर असल्याने बर्फाची खात्री आणि समोर मॅटरहॉर्नचं शिखर. पण केबल कारचं वरचं स्टेशन ३८८३ मीटरवर, मागच्या वर्षी तिथं माझंच डोकं इतकं ठणकायला लागलं की लगेच खाली आले. अँजिओप्लास्टीनंतर बाबांना मी तिथं नेणार नाही म्हणजे नाही. दावोस मोठं आहे पण डोंगर सुटे सुटे, एकावरून दुसऱ्यावर जायला बस पकडा, आम्ही स्की खांद्यावर घेऊन फिरणार आणि तुम्ही हॉटेलात बसणार, काय उपयोग. एंगेलबर्गची गोल फिरणारी केबल कार आईला आवडेल, लुसर्नहून पाऊण तासात पोचतो, पण ती जिथं नेते त्या टिटलिस डोंगरावर टूरवाल्यांची गर्दी फार आणि उतारही चांगलं येणाऱ्यांचे.

मला वेंगेन पटतंय. १२७४ मीटर, गावात गाडीनं जाताच येत नाही, खालून लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांवरची ट्रेन चढते. आणि मुलांचा शिकायचा उतार गावाच्या अगदी मधोमध, कडेला बसून सगळं दिसतं! मागच्या वर्षी छकुली तिथंच शिकली, सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि खाली येताना पुढची टोकं जवळ आणायची, त्याला ही मुलं पिझ्झा म्हणतात, तसा पिझ्झा करून ती जाळीच्या हातभर अलीकडे स्वतःची स्वतः थांबली आणि मागे वळून बघितलं कोणी पाहिलं का. मी ऑफिसच्या कॉलवर होते. ते मला अजून लागून राहिलंय.

वेंगेनचं वाईट म्हणजे उंची कमी, ऊन भरपूर, त्यामुळे दुपारी बर्फाचा पार चिखल होतो, म्हणून सकाळीच जायचं आणि जेवायला परत. झ्यूरिकहून तीन वेळा ट्रेन बदलावी लागते, पण बॅगा आम्ही घेऊ, तुम्ही फक्त हात धरून चढा. आई, बुटांना खालून लावायचे खिळे मिळतात इथं, ते मी घेऊन ठेवते म्हणजे पाय सरकणार नाही.

तिथून एक दिवस वर क्लाइन शायडेगच्या खिंडीत ट्रेननेच जाता येईल, आयगर शिखराची भिंत अगदी समोर दिसते, स्की न करणारेही कितीतरी लोक जातात. ते २०६१ मीटरवर आहे. बाबा, डॉक्टरांना हा आकडा सांगून विचारा, नुसतं "उंचावर" म्हणू नका, ते काय म्हणतात ते मला लगेच कळवा, मग मी तिकिटं काढते.

तुमची,
सोनू