बोलण्याचा अभ्यास, करिअर म्हणून

मा. संपादक,

बारावीनंतरच्या वाटा सांगणाऱ्या पुरवण्यांत भाषाविज्ञान आले की गाडी भाषांतर आणि परदेशी भाषांवरच थांबते. डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस, म्हणजे माणसे प्रत्यक्ष बोलताना एकमेकांचा अर्थ कसा लावतात याचा अभ्यास, तिथे नसतोच. भाषावैज्ञानिक जॉन गम्पर्झ यांची कारकीर्द पाहिली तर तो समजतो. जर्मनीत जन्मलेले, आधी रसायनशास्त्र शिकलेले गम्पर्झ १९५४ मध्ये मिशिगनमधून पीएच.डी. झाले. पुढे रॉबर्ट विल्सन यांच्यासह त्यांनी सांगलीजवळच्या कुपवाडमधली मराठी, कन्नड आणि उर्दू तपासली. शब्द वेगळे, पण वाक्यरचना इतकी जवळ आलेली की भाषांतर करताना शब्दाला शब्द ठेवत जावे! त्यावरचा १९७१ चा निबंध अजूनही शिकवला जातो. खुद्द कुपवाडात किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे.

गम्पर्झ यांचे गाजले ते लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील कर्मचारी-कॅन्टीनचे उदाहरण. तिथल्या भारतीय-पाकिस्तानी वाढपी बायका उद्धट आहेत, अशी तक्रार होती. ग्रेव्ही हवी का, हे विचारताना इंग्रज बायका ‘ग्रेव्ही’चा सूर शेवटी चढवत, या उतरवत. त्यामुळे प्रश्नाचे विधान होई. ध्वनिमुद्रण ऐकवून चर्चा केल्यावर उलगडा झाला.

कामाची रीत आजही तीच. संमती घेऊन ध्वनिमुद्रण करायचे, मग ते जसेच्या तसे कागदावर उतरवायचे. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांच्या खूणपद्धतीत विराम सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात, दोघे एकदम बोलले तिथे चौकटी कंस, स्वर लांबवला तिथे दोन टिंबे. दहा मिनिटांच्या गप्पा उतरवण्यात अख्खा दिवस सहज जातो. घोळ इथेच होतो. विद्यार्थी ‘न्हाई’चे ‘नाही’ करतात, ‘अं’, ‘म्हंजे’ गाळतात. बोलणारा कुठे अडखळला, दुसऱ्याने तोंड कधी घातले, हे मग कळणार कसे? सूरही नुसत्या कानावर ठरवू नये. प्राट हे मोफत सॉफ्टवेअर त्याचा आलेख दाखवते. पंख्याखाली केलेल्या ध्वनिमुद्रणावर मात्र तेही फसते.

पुण्यात डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचे एम.ए. करता येते. नोकरीच्या जाहिरातींत ‘डिस्कोर्स अ‍ॅनालिस्ट’ नावाचे पद क्वचितच सापडेल. कॉल सेंटरमधील संभाषणांची तपासणी, डॉक्टर-रुग्ण संवादावरील संशोधन, चॅटबॉटची संभाषणरचना अशा कामांत शोधावे. मुलाखतीला जाताना स्वतः उतरवलेले पाच-सात मिनिटांचे संभाषण, नावे बदलून, सोबत न्यावे.

– भाषाविज्ञानाचे एक अध्यापक, सांगली