ताई, हे आभार जाहीरच मानायचे होते

ताई,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. नाव घालायचं नाही म्हणालात, घातलेलं नाही.

भारतात एलएलबी करून, चार वर्षं जिल्हा न्यायालयात तारखा केल्यावर मी नवऱ्याच्या नोकरीपायी कॅनडात, ओंटारिओ प्रांतात आले. इथे जो भेटेल तो सल्ला देत होता. एका सल्लागाराने पहिल्याच भेटीत महागडं एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, पुढे केलं. कोणी म्हणालं, वकिली विसर, बँकेत बघ. तुम्ही मात्र एवढंच विचारलंत, "एनसीएकडे कागद गेले का?"

एनसीए म्हणजे नॅशनल कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशन, कॅनडातल्या लॉ सोसायट्यांच्या (आपल्या बार कौन्सिलसारख्या, वकिलीची सनद देणाऱ्या प्रांतिक संस्था) महासंघाची समिती. बाहेरची कायद्याची पदवी ती तपासते आणि तुम्हाला कोणते विषय करावे लागतील ते लेखी कळवते. तिचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे सनद मिळाली असं नाही, त्यानंतर ज्या प्रांतात वकिली करायची तिथल्या लॉ सोसायटीकडे जायचं. क्युबेकचं सगळंच निराळं. हा अर्ज भारतात बसूनही करता येतो, त्याला इथलं नागरिकत्व लागत नाही, हे तर मला विमानात बसण्याआधी कोणीतरी सांगायला हवं होतं. एलएलएमवर तुमचं मत ठाम होतं: आधी समितीचा कागद हातात येऊ दे, मग पैसे कुठे घालायचे ते ठरव.

गुणपत्रकाचा किस्सा तर लिहायलाच हवा. समितीला ते विद्यापीठाकडून थेट लागतं, आपल्या हातून गेलेलं चालत नाही. आमच्या विद्यापीठात माझ्या दादाला दर वेळी "साहेब रजेवर आहेत" ऐकावं लागत होतं. तुम्ही तेव्हा दिलेला मंत्र दादा अजून घोकतो: "पाकिटावर शिक्का, कुरिअरची पावती आणि जावक क्रमांक. जावक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही." त्याने खरंच सोडली नाही. मागे रांग ओरडत होती म्हणे. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा दाखलाही असाच थेट जावा लागला, पण तोवर दादा तयार झाला होता.

पण तुमचे खरे उपकार पुढचे आहेत. माझ्या कागदावर सगळ्यांना असतात ते पाच विषय होतेच: कॅनडाच्या कायद्याची पायाभूत तत्त्वं, घटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा आणि व्यावसायिक आचारनीती. शिवाय कायदेविषयक संशोधन आणि लेखन. पेपर तीन तासांचा, पुस्तक उघडं ठेवून, पास व्हायला पन्नास टक्के. ऐकायला किती सोपं! सरावाचं पहिलं उत्तर मी आपल्या पद्धतीने लिहिलं: व्याख्या, कलम, चार निवाडे, शेवटी "अशा प्रकारे". ते तुम्ही फोनवर मला मोठ्याने वाचायला लावलंत. तुम्ही मधेच थांबवून म्हणालात, "हे सगळं पुस्तकात आहे, आणि पुस्तक परीक्षकांसमोर आहे. समोर अशील बसलाय. त्याची केस उभी राहते की नाही, ते सांग."

त्यानंतर कित्येक रविवार हेच चाललं. प्रश्नातल्या माणसाचं काय बिघडलंय, कोणती कसोटी लागते, ती या हकिगतीला कशी लावायची, दुसरी बाजू काय म्हणेल. मी कसोटी सांगून थांबले की तुम्ही खाकरायचात. आठवतंय? अजूनही मसुदा लिहिताना ते खाकरणं ऐकू येतं.

घटनेच्या पेपराला तुम्ही मला आपल्याच घरातून वाट काढून दिलीत. केंद्र-राज्यांत विषय वाटून देणारी आपल्या घटनेची सातवी अनुसूची पाठ आहे ना, मग कॅनडाच्या १८६७च्या घटना कायद्याची तशीच वाटणी करणारी कलम ९१ आणि ९२ शेजारी ठेव, म्हणालात. वाटणी न झालेले विषय केंद्राकडे ठेवायचे हा आपल्याकडचा विचार कॅनडाकडूनच आलेला. पण सरसकट तुलना चालणार नाही हेही बजावलंत: आपल्याकडे फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, इथे तो केंद्राचा, आणि मालमत्ता व दिवाणी हक्क प्रांतांचे. कॅनडाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या (चार्टर) कलम ३३ ला तर आपल्याकडे जोडच नाही. चार्टरमधले काही हक्क बाजूला ठेवून विधिमंडळ पाच वर्षांसाठी कायदा करू शकतं, ही मुदत पुन्हा वाढवूही शकतं, हे वाचून मी चक्रावले होते. सरकारने हक्कावर घातलेलं बंधन वाजवी आहे का हे तपासणारी, ओक्स खटल्यातली १९८६ची कसोटी मात्र पटकन बसली, कारण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मॉडर्न डेंटल कॉलेजच्या २०१६च्या निकालात तिचा आधार घेतलेला आहे.

समितीचं प्रमाणपत्र आलं. मग ओंटारिओच्या लॉ सोसायटीच्या सनदेसाठीचे बॅरिस्टर आणि सॉलिसिटर हे दोन पेपर. ते बहुपर्यायी असतात, त्यांबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की माझ्या जेवणाच्या टेबलावर बरेच दिवस जेवण झालं नाही.

एका बाबतीत आपलं भांडण झालं होतं. आधीच्या वकिलीच्या अनुभवावर ओंटारिओत आर्टिकलिंगमधून, म्हणजे सनदेआधी वकिलाच्या हाताखाली करायच्या उमेदवारीतून, सूट मागता येते. मला ती हवी होती, घरात पैसे हवे होते. तुमचं म्हणणं, सूट मागू नकोस, इथली कोर्टं, इथले कारकून, इथली पत्र लिहायची रीत आर्टिकलिंगशिवाय कुठे शिकणार? मला तेव्हा पटलं नव्हतं. ज्याची चूल आजच पेटायला हवी त्याने सूट घ्यावी, असं मी अजूनही म्हणेन. पण कौटुंबिक कायद्याच्या एका छोट्या ऑफिसात सध्या आर्टिकलिंग करतेय आणि तिथे रोज जे दिसतं, त्यावरून माझ्यापुरतं तुमचं बरोबर होतं.

तुमच्या वह्या येत्या शनिवारी घेऊन येते. प्रशासकीय कायद्याच्या वहीत सगळं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८च्या डन्सम्युअर निकालावर उभं होतं, आणि "हा भाग जुना झालाय" असं तुम्ही देतानाच सांगितलं होतंत. त्याची जागा घेणाऱ्या २०१९च्या वाव्हिलोव्ह निकालाची पानं मी लिहून मागे जोडली आहेत. डन्सम्युअरची काढलेली नाहीत, फक्त कोपऱ्यात पेन्सिलने "आधीचं" लिहिलंय. तुमच्याकडे नाशिकची ती मुलगी विचारायला येते म्हणालात ना, तिला द्यायच्या आधी माझं अक्षर लागतंय का ते एकदा बघा.

तुमची,
धाकटी